पडदा कुठे ठेवावा

तास संपला की पोरं डाऊट घेऊन शिकवणाऱ्याच्या टेबलापाशी उभी राहतात. कुणाच्या टेबलापाशी किती उभी राहिली हे आपण मोजत नाही, असं क्लासमधले सगळेच म्हणत. प्रणाली गावंडे मोजायची.

अमरावतीच्या राजापेठेत, औषधांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर केशवराव काळमेघांचे दहावीचे क्लासेस होते. दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत, दाराबाहेर चपलांचा ढीग. प्रणाली तिथे सोळा वर्षांपासून विज्ञान शिकवत होती. सोळा वर्षांत तिच्या टेबलापाशी सहाच्या खाली पोरं कधी आली नव्हती. बोर्डाच्या परीक्षेच्या आधी तर रांग जिन्याच्या वळणापर्यंत जाई. दिवाळीनंतर फलक गयासुद्दीन आली. अकोल्याची, एमएस्सी झालेली, सव्वीस वर्षांची. पहिल्या आठवड्यात फलककडे दोन पोरं आणि प्रणालीकडे नऊ. डिसेंबरात पाच आणि सहा. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी फलककडे अकरा आणि प्रणालीकडे एक. तो एकसुद्धा पाण्याची बाटली विसरला म्हणून परत आला होता.

प्रणालीचं शिकवणं म्हणजे चिन्हांचा तक्ता. भिंगाचं गणित आलं की वहीत तीन खाने आखायचे: काय दिलं आहे, चिन्ह कोणतं, किंमत किती. चिन्हांचा खाना आधी भरायचा, तोही लाल पेनाने. वस्तूचं अंतर नेहमी वजा. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर अधिक, अंतर्वक्राचं वजा. तक्ता पूर्ण झाल्याशिवाय सूत्राला हात लावायचा नाही. प्रकाशाच्या धड्यात पोरं मरतात ती चिन्हांत, हे तिने हजारो पेपर तपासून ठरवलं होतं, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या पोराचं चिन्ह चुकत नसे. गावात कुणी जुना विद्यार्थी भेटला की म्हणायचा, "मॅडम, सारं इसरलो, पण तुमचा तक्ता याद आहे." या एका वाक्यावर तिचे चार दिवस बरे जात.

फलक तक्ता काढत नसे. ती पोरांना आलेखाचा कागद आणायला लावी आणि म्हणे, "आधी चित्र काढा. मापात काढा. प्रतिमा कुठं येते ते पहिले डोळ्यानं पाहा, मग गणिताला विचारा." तिच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेली खरी भिंगं असत. तिचे वडील अकोल्याला चष्मे करतात, हे प्रणालीला पोरांकडूनच कळलं. एक भिंग हातोहात फिरे. फळ्यावर एक फुली काढलेली असे आणि पोरं भिंगातून तिच्याकडे बघत भिंग डावी-उजवीकडे हलवत. फुली उलटी सरकली तर भिंग बहिर्वक्र, सोबत सरकली तर अंतर्वक्र. प्लायवूडच्या पलीकडून हे सगळं ऐकू येई.

"मॅडम, माह्याकडे तर सोबतच चालून राहिली."

"मग सांग, कोणतं?"

"अंतर्वक्र."

"अन् तुझ्या आज्याचा चष्मा?"

"थो तर आज्यानं फोडला."

मग हसू. भिंतीच्या अलीकडे प्रणाली वजा साडेबारा लिहीत असे आणि पोरांच्या माना त्या भिंतीकडे वळलेल्या असत. भिंगं काय, तिच्या घरातच पडलेली असतील, प्रणालीच्या मनात येई. आपल्या बापानं शेती केली. आपण भिंग पाहिलं ते कॉलेजात, प्रॅक्टिकलला, चौघींत एक. सोळा वर्षांत आपण एकदाही विकत घेतलं नाही, हे मात्र तिच्या मनात येत नसे. आलं तरी ती दुसरीकडे वळे.

शिवमचं तिला सगळ्यांत लागलं. तिवस्याहून रोज एसटीने येणारा, हळू बोलणारा, तक्त्याच्या रेघासुद्धा पट्टीने मारणारा पोरगा. एका संध्याकाळी तो टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी फलकमॅडमच्या बॅचले बसू का? माही बस लेट येते. थे बॅच अर्धा घंटा उशिरा लागते."

"बस तर ऑक्टोबरातही उशिरा येत होती," प्रणाली म्हणाली.

"आता टाइम बदलला, मॅडम."

तिने दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन वेळापत्रक पाहिलं. वेळ खरंच बदलली होती. ते खरं निघालं याचाच तिला जास्त राग आला.

बोर्डाच्या आधीचा शेवटचा महिना क्लासमध्ये उजळणीचा असे. दोन्ही बॅच मोठ्या खोलीत एकत्र बसत आणि एका धड्याला एकच शिक्षक असे. आजवर सगळे धडे प्रणालीचेच होते. या वर्षी दोघी होत्या. उष्णता, विद्युत, गुरुत्वाकर्षण यांवर कुणाचं काही अडणार नव्हतं. प्रश्न प्रकाशाचा होता: अपवर्तन आणि भिंगं. सगळ्यांत भीतीचा धडा तो, आणि तो ज्याने सोडवून दिला त्याचं नाव पोरं पुढे दहा वर्षं घेतात. प्रणालीला तो सोडायचा नव्हता. पंचेचाळीस पोरं आपल्या डोळ्यांसमोरून उठून त्या पोरीच्या समोर बसतील, याचं चित्र तिला पोळी लाटताना दिसे, स्कूटीवर सिग्नलला थांबल्यावर दिसे.

केशवरावांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ते शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. कोणताही तंटा परीक्षा घेऊन मिटतो अशी त्यांची श्रद्धा होती.

"हे पाहा, मले भांडण नोको," ते म्हणाले. "दहा गणितं. पाच पाच मार्काची. भिंगं अन् अपवर्तन, बस. पेपर प्रणालीमॅडम काढतीन, थ्या सिनियर हायेत. उत्तरांची की बी थ्याच देतीन. तपासायचं मात्र एकमेकींच्या बॅचचं. ज्या बॅचची सरासरी जास्त, प्रकाश त्या मॅडमकडं. मंजूर?"

"भांडण कुठं आहे, सर?" प्रणाली म्हणाली.

"नाई ना? मंग तं लय बेस."

फलकने मान हलवली. "मॅडम काढतील तो पेपर मंजूर आहे मला."

तिचं हे असं होतं. कुठेच खरखर नाही. तिच्याशी भांडायला एखादी कड सापडावी म्हणून प्रणाली दोन महिने टपून होती.

गुरुवारी दुपारी प्रणाली घरी पेपर काढायला बसली. पहिले नऊ प्रश्न तिने इमानाने काढले. काचेच्या ठोकळ्याचा एक, हौदात दिसणाऱ्या नाण्याचा एक, अपवर्तनांकाचे दोन, भिंगांचे पाच. सोपे-अवघड सारखे वाटलेले. दहाव्यापाशी ती थांबली. जुन्या पेपरांत तिचा एक ठरलेला प्रश्न होता, दरवर्षी यायचा: दहा सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर पंधरा सेंटिमीटरवर वस्तू ठेवली आहे, स्पष्ट प्रतिमा मिळवण्यासाठी पडदा भिंगापासून किती अंतरावर ठेवावा? उत्तर तीस. सरळ गणित. आलेखाच्या कागदावर चित्र काढलं तरी दोन मिनिटांत तीस येतं.

तिने पंधरावर रेघ मारली आणि साडेनऊ लिहिलं.

ते कशासाठी हे तिला पक्कं ठाऊक होतं. दहाचं नाभीय अंतर आणि साडेनऊवर वस्तू, म्हणजे नाभीच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत. भिंगातून बाहेर पडणारे दोन किरण कागदावर समांतरच वाटणार. मागे वाढवले तर ते पावणेदोन मीटरच्याही पलीकडे भेटतील. एवढा कागद राजापेठेत मिळत नाही. चित्रवाली पोरं पट्टी घेऊन बसतील, किरण काही भेटणार नाहीत, घंटा होईल. तक्तेवाली तीन खाने आखतील, सूत्रात घालतील आणि दोन ओळींत उत्तर काढतील: वजा एकशे नव्वद. तिने की लिहिली: वजा एकशे नव्वद, म्हणजे पडदा वस्तूच्याच बाजूला, भिंगापासून १९० सेंटिमीटर. मग चहा ठेवला. खूप दिवसांनी चहा चवीला लागला.

शनिवारी पेपर झाला. रविवारी ती फलकच्या बॅचचे तेवीस पेपर पिशवीत घालून अकोल्याला, माहेरी गेली. महिन्यातून एक रविवार तिचा आईपाशी ठरलेला होता. जेवण झाल्यावर तिने ओट्यावर पेपर मांडले आणि आईने तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या.

"रविवारी बी तेच का वो, बाई?" आई म्हणाली.

"उद्या द्यायचे आहेत."

"कागद इतका लांब धरून काहून वाचून राहिली? चाळिशी लागली तुले. चष्मा कर."

"करते."

तिने सगळ्या पेपरांचे दहावेच प्रश्न आधी तपासायला घेतले. असं ती कधी करत नसे. पहिल्या पेपरात अर्धवट चित्र आणि खाली रिकामी जागा. शून्य. दुसऱ्यात चित्राखाली 'पडद्यावर येणार नाही' असं लिहिलेलं. शून्य. शून्याचा गोल तिने जरा मोठाच काढला. तिसरा पेपर शिवमचा होता.

आलेखाच्या कागदावर मधोमध भिंग. साडेनऊवर चार सेंटिमीटर उंचीचा बाण. बाणाच्या टोकापासून दोन किरण, एक मध्यातून सरळ, एक समांतर जाऊन पलीकडच्या नाभीतून. दोन्ही भिंगापलीकडे साडेनऊ सेंटिमीटरपर्यंत नेलेले, आणि तिथे थांबून शिवमने माप घेतलं होतं. भिंगापाशी दोन किरणांमधलं उभं अंतर चार सेंटिमीटर. कागदाच्या कडेला चार पूर्णांक दोन. दोन बारीक चौकटींना त्याने पेन्सिलीने गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं: 'किरण समांतर वाटतात पण नाहीत. अंतर वाढून राहिलं आहे, म्हणून भिंगापलीकडे ते कधीच भेटणार नाहीत. प्रतिमा आभासी आहे. पडदा कुठेही ठेवला तरी त्यावर प्रतिमा मिळणार नाही.'

प्रणालीने ते वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. नाभीच्या आत वस्तू असेल तर प्रतिमा आभासी, हे वाक्य तिने सोळा वर्षं दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं. आभासी प्रतिमा पडद्यावर येत नाही, हे त्याच्या खालचं वाक्य. ती पंधराचे साडेनऊ करायला बसली तेव्हा तिचं सगळं लक्ष त्या पोरीच्या आलेखाच्या कागदावर होतं, तो कसा अपुरा पडेल यावर होतं. आकडा बदलला, प्रश्न बदलायचा राहिला. वजा एकशे नव्वद हे चिन्ह तिच्या तक्त्याने बरोबर दिलं होतं. त्या चिन्हाचा अर्थ काय, हे विचारायला ती थांबली नव्हती. तिच्या पोरांनीही थांबायचं काही कारण नव्हतं. त्यांनी वस्तूच्या मागे, कुठे तरी पावणेदोन मीटर दूर, एक पडदा उभा केला असेल आणि बाईंच्या कीप्रमाणे पाच मार्क घेतले असतील.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. एक चूक सापडली."

"पोराची?"

"हो," ती म्हणाली.

मग तिने विचार केला, आणि तो नीट केला. की तिची. पेपर तिचा. फलकने की मिळाल्यावर शुक्रवारीच काही म्हटलं नव्हतं, म्हणजे तिच्या लक्षात आलं नसेल. आलं असलं तरी ती बोलणारी नव्हती. केशवराव सरांना फक्त बेरीज दिसणार. तिने शिवमच्या दहाव्या प्रश्नापुढे कीप्रमाणे शून्य दिलं. बाकीच्या वीस पेपरांतही कीप्रमाणेच दिलं. तेविसांपैकी सतरा पोरांनी लिहिलं होतं, पडद्यावर मिळणार नाही. सतरा बरोबर उत्तरांना तिने सतरा शून्यं दिली, आणि मग उरलेले नऊ प्रश्न अगदी काटेकोर तपासले. अर्ध्या मार्काचाही अन्याय होऊ दिला नाही.

चारच्या सुमारास ती चष्म्यासाठी म्हणून बाहेर पडली. अकोल्यात चष्म्याची दुकानं पुष्कळ होती. दोन दुकानं टाकून ती तिसऱ्यात शिरली, कारण तिथे पाटीवर गयासुद्दीन असं लिहिलं होतं. आपण कशाला आलो आहोत याचं उत्तर तिने स्वतःला दिलं नाही.

दुकान अरुंद होतं. काउंटरमागे साठीचे गृहस्थ भिंगाची कड घासत होते. त्यांनी तिला अक्षरांचा कागद दिला, डोळ्यांसमोर दोन-तीन भिंगं धरली.

"सव्वाचा नंबर आहे. आता करता का?"

"नाही, फक्त पाहायला आले होते. अमरावतीला असते मी."

"अमरावतीत कुठं?"

"राजापेठेत."

गयासुद्दीन यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. "मग तर आमची फलक तिथंच शिकवते, ताई. क्लासमध्ये. लहानपणी इथं या ठोकळ्यावर बसून भिंगं खराब करायची. माझं सारं शिक्षण चौथी पास. पण तिनं विचारलं, अब्बा, याच्यातून लहान कावून दिसते, तर मले सांगता आलं नाही. म्हणून ती शिकली. मले सांगता आलं असतं तर कदाचित शिकली नसती." ते स्वतःच हसले.

"छान शिकवत असेल," प्रणाली म्हणाली.

"काय की. तिथं एक मॅडम आहेत म्हणते, मोठ्या. त्यांच्यावर लय जळते ती."

"जळते?"

"घरी फोन आला की त्यांचंच. अब्बा, त्यांच्या पोरांचं चिन्ह चुकतच नाही, माझी पोरं चित्र काढतात अन् चिन्हात मार खातात. त्यांचा तास सुटला की फळा पुसायच्या आधी जाऊन त्यांचा तक्ता उतरवून आणते. मी म्हटलं, बेटा, चोरून काहून, सरळ विचार. तर म्हणते, त्या मले पाहतच नाहीत."

प्रणाली दुकानातून बाहेर आली. ऊन उतरलं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला छाती भरून बरं वाटलं. ती पोरगी आपल्यावर जळते. हे सुख तिला रिक्षा-स्टॅंडपर्यंत पुरलं. तिथे तिला सतरा शून्यं आठवली, आणि जी पोरगी जळते ती चोरून शिकते, आपण जळतो तेव्हा काय करतो, असा हिशेब मनात आपोआप मांडला गेला. तो तिने अर्धवट सोडला. तरीही उद्या बोलायचं नाही हे नक्की होतं. संध्याकाळच्या गाडीत ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

सोमवारी दुपारी केबिनमध्ये केशवरावांनी दोन्ही गठ्ठे समोर ठेवले आणि कॅल्क्युलेटर काढला. प्रणालीने आपल्या बॅचचा गठ्ठा चाळला. बावीसपैकी वीस पोरांनी दहाव्याला एकशे नव्वद लिहिलं होतं. फलकने प्रत्येकाला पाचपैकी पाच दिले होते, सुबक लाल अक्षरात. आणि प्रत्येक पाचाच्या शेजारी, अगदी बारीक, पेन्सिलीचा एक ठिपका होता.

प्रणालीने तीन पेपर उलटले. ठिपका. आणखी चार उलटले. ठिपका. इतर कोणत्याही प्रश्नाला नव्हता.

तिने मान वर केली. फलक खिडकीबाहेर बघत होती.

"झालं," केशवराव म्हणाले. "प्रणालीमॅडमची बॅच, अडतीस पूर्णांक चार. फलकमॅडमची, छत्तीस पूर्णांक एक. काट्याची झाली, पण झाली. प्रकाश प्रणालीमॅडमकडं. काही म्हणणं?"

"नाही सर," फलक म्हणाली. "मॅडमच शिकवतील चांगलं."

प्रणालीचं डोकं अशा वेळी थांबत नसे. दहावा प्रश्न रद्द केला तर आपली बॅच तेहतीस पूर्णांक नऊ, तिची आहे तशीच, छत्तीस पूर्णांक एक. बरोबर उत्तराला मार्क दिले तर तिची एकोणचाळीस आठ. कशीही बेरीज करा, धडा तिचा. फक्त आपली चुकीची की मध्ये आहे म्हणून आपला. आणि समोर बसलेल्या पोरीला हे कालपासून ठाऊक आहे. तिने वीस ठिपके दिले आणि गप्प राहिली. भीतीने गप्प राहिली असती तर प्रणालीने ते पचवलं असतं. पण हे भीतीचं नव्हतं. ती सोडून देत होती. मोठ्या बाईला घेऊ द्या, असं म्हणत होती. आणि पुढचा महिनाभर आपण पंचेचाळीस पोरांसमोर उभ्या राहून शिकवू, तेव्हा प्लायवूडच्या पलीकडे ही बसलेली असेल आणि तिला माहीत असेल.

"सर, दहावा प्रश्न चुकला आहे," प्रणाली म्हणाली.

"कुणाचा?"

"माझा. की चुकली आहे. आभासी प्रतिमा पडद्यावर येत नाही. फलकच्या सतरा पोरांनी बरोबर लिहिलं होतं, मी शून्य दिलं."

केशवरावांनी चष्मा वर केला. "कावून दिलं?"

"की तशी होती म्हणून."

"अन् की तशी कावून होती?"

याचं उत्तर खरं दिलं असतं तर बराच वेळ लागला असता. "आकडा बदलला आणि प्रश्न बदलायचा विसरले," ती म्हणाली. तेवढं खोटं नव्हतं.

"बरं, मंग थो प्रश्नच कापून टाकू. दोघींचाही. कायले झंझट."

"कापला तरी फलकची बॅच पुढे आहे, सर. करून पाहा."

त्यांनी करून पाहिलं. दोनदा करून पाहिलं, कारण प्रणाली गावंडे स्वतःविरुद्ध गणित मांडते आहे हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मग कॅल्क्युलेटर बंद केला आणि म्हणाले, "ठीक आहे. प्रकाश फलकमॅडमकडं."

खाली पार्किंगमध्ये प्रणाली स्कूटी मागे ओढत होती तेव्हा फलक जिन्यावरून धावत आली.

"मॅडम, मी बोलणार नव्हते. खरंच."

"माहीत आहे. म्हणूनच बोलले."

"मी तुमचा मान ठेवून..."

"मान नाही ठेवला तू. तू मले धडा दान करून राहिली होती." अमरावतीच्या क्लासमध्ये ती एरवी असं बोलत नसे, आईच्या ओट्यावरचं बोलणं आपोआप आलं. "हरलेला धडा चालते मले. तुह्याकडून घेतलेला नाई चालत."

फलकने विचारलं, "अन् मी केबिनमध्ये सांगितलं असतं, की चुकली म्हणून?"

"तर मी भांडले असते," प्रणाली म्हणाली. "अन् जिंकले असते."

फलकला हसू आलं. तिने ते लपवलं नाही. प्रणालीला हसू आलं नाही. तिने स्कूटी सुरू केली आणि राजापेठेच्या गर्दीत घातली. चौकात थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हलकं वगैरे वाटण्याची वाट बघतो आहोत. वाटत नव्हतं. फक्त गरगर थांबली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी उजळणी सुरू झाली. प्रकाशाचा तास पहिला होता. प्रणालीच्या बावीस पोरांना उठून मोठ्या खोलीत जायचं होतं. ती टेबलाशी उभी राहिली आणि पोरं वह्या गोळा करू लागली. शेवटचा प्रीतम रेंगाळला. अंगाने जाडा, प्रश्न विचारताना कान धरणारा.

"मॅडम, तिथं तक्ता काढायचा का नाई? थ्या मॅडम चित्र सांगतात म्हणतात."

बाकीचेही दारात थांबले. या प्रश्नाचं उत्तर ती कसं देते यावर ती पोरं महिनाभर तिथे कशी बसतील हे अवलंबून होतं, आणि ते तिला कळत होतं. तोंड वाकडं केलं असतं तरी पुरलं असतं.

"आधी चित्र काढा," ती म्हणाली. तोंडात कडू आलं. "मापात. प्रतिमा कुठे येते ते बघा. मग तक्ता. उत्तराचं चिन्ह आलं की परत चित्राकडे बघा, ते काय म्हणतं ते."

"दोन्ही?" प्रीतमने कान धरला.

"दोन्ही. आणि त्या बाईंना सांगा, तुमच्या पोरांची चिन्हं कच्ची आहेत. तक्ता समजून घ्यायचा असेल तर चार वाजता मी इथेच असते. फळा पुसत नाही."

पोरं गेली. मोठ्या खोलीत बाकं सरकली, कुणी तरी खोकलं, मग फलकचा आवाज आला. प्रणाली रिकाम्या वर्गात बसली आणि उष्णतेच्या गणितांची वही उघडली. पाचेक मिनिटांनी पलीकडे पंचेचाळीस पोरं एकदम हसली. कशावर हसली ते तिला ऐकू आलं नाही. ते ऐकू यावं म्हणून तिने पेन खाली ठेवला आणि खुर्ची भिंतीजवळ ओढली.